संहिता कोणाची?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता देशभर अमलात आल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत भिलाईतील मराठी भाषक कामगारांसाठी चार पानांचे पत्रक तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. मूळ मजकूर हिंदीत होता. तो रात्रभर बसून मी मराठीत उतरवला आणि उतरवताना बी. ए. ला मराठी साहित्य घेतल्याचा थोडाफार अभिमानही बाळगला. भाषा नेटकी होती. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी सायंकाळी पॉवर हाऊस भागात पत्रकाचे वाटप झाले. तेथे एका कंत्राटी वेल्डरने पहिले पान वाचून मला विचारले, "ताई, हे संहिता म्हंजे नाटकाचीच ना जी? कोन्या नाटकाची होय हे?"

सगळे हसले, मीही हसले. हे गृहस्थ मूळचे भंडाऱ्याकडचे. दरवर्षी गणेशोत्सवात हौशी नाटकांतून काम करतात. 'संहिता' हा शब्द त्यांनी आयुष्यात एकाच अर्थाने ऐकला होता: कोणीतरी लिहिलेले, दुसऱ्याने पाठ करायचे आणि दिग्दर्शक सांगेल तेथे उभे राहून म्हणायचे, ते कागद. घरी गेल्यावर मात्र मला हसू येईना. त्यांचा प्रश्न अज्ञानातून आला नव्हता. मी जे चार पानांत सांगू शकले नव्हते, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले होते.

या संहितांत आहे तरी काय? जुने २९ कायदे एकत्र करून त्यांचे ४ करण्यात आले. त्यांतला वेतनाचा २०१९ साली संसदेत संमत झाला आणि औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा व कामाच्या ठिकाणची सुरक्षितता यांविषयीचे तीन २०२० साली. कामगारकपात करण्यासाठी किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याचे बंधन पूर्वी १०० कामगारांपासून लागू होत असे, ते आता ३०० पासून लागू होते. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी २० कामगारांच्या ठिकाणी लागू होत होत्या, त्या आता ५० च्या ठिकाणी. संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस सर्वच उद्योगांत सक्तीची झाली. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकाच वेळी किरकोळ रजा टाकली, तर तोही संपच समजायचा. पोलाद कारखान्याभोवती जी शेकडो लहानमोठी वर्कशॉपे आणि ठेकेदारांच्या टोळ्या आहेत, त्यांच्या दृष्टीने २० आणि ५० यांमधले अंतर म्हणजे कायद्याच्या आत असणे आणि बाहेर असणे यांमधले अंतर होय. ४० माणसांच्या ठेकेदाराला या बदलाचा अर्थ कोणी अनुवाद करून सांगावा लागत नाही.

आणि हे सर्व मी कोणत्या मराठीत लिहिले होते? "उंबरठा-मर्यादेत केलेली वाढ ही संरक्षणाच्या व्याप्तीचा संकोच करणारी आहे." वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. ते वाचून कोणालाही राग येणार नाही, एवढाच त्याचा दोष.

पक्षाच्या भाषांतरकाराला आपल्या शब्दांचा मोह होतो, ही कबुली मी येथे देऊन टाकते. मूळ मजकुराशी प्रामाणिक राहायचे म्हणून आपण इंग्रजीचा हिंदी शब्द घेतो, हिंदीचा मराठी करतो, आणि तिसऱ्या पायरीवर पोहोचेपर्यंत शब्दातला माणूस गळून पडलेला असतो. जुन्या पिढीच्या कॉम्रेडांना ही भाषा अभ्यासवर्गांतून अवगत झाली होती. त्या शब्दांमागे त्यांनी तुरुंग पाहिला होता, संप पाहिला होता. आज पंचवीस वर्षांच्या मुलाला तोच शब्द शाळेतल्या पाठ्यपुस्तकासारखा वाटत असेल, तर दोष त्याच्या मोबाइलचा आहे असे म्हणून आपल्याला सुटका करून घेता येणार नाही.

हे मोबाइलचे म्हणणे मी बैठकीत ऐकले, म्हणून लिहिते. कामगार दिनाच्या सांस्कृतिक कार्यक्रमाची चर्चा चालू होती. काही तरुण कंत्राटी कामगारांनी सुचवले की, भाषणांच्या मध्ये दोनचार चित्रपटगीते असावीत, शेवटी 'झिंगाट' लावावे, म्हणजे वस्तीतली पोरे थांबतील. एका ज्येष्ठ कॉम्रेडनी त्यास कडाडून विरोध केला. बाजारू संस्कृतीला व्यासपीठ देणार काय, असा त्यांचा सवाल होता. मी त्यांचा मनापासून आदर करते. १ जुलै १९९२ रोजी भिलाई पॉवर हाऊस स्थानकाजवळच्या रेल्वेमार्गावर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि १६ कामगार मारले गेले. तो दिवस त्यांनी याच गावात पाहिलेला आहे. माझा जन्म तेव्हा नुकताच झाला होता. तरीही या मुद्द्यावर त्यांचे मत मला पटले नाही, आणि तरुणांचेही पूर्णपणे पटले नाही.

प्रथम 'झिंगाट'विषयी. २०१६ साली 'सैराट' आला, तेव्हा त्याची गाणी विदर्भाची सीमा ओलांडून भिलाईच्या सेक्टरांपर्यंत आली आणि मराठीचा गंध नसलेली छत्तीसगढी, बंगाली, तेलुगू मुलेही त्यांवर नाचली. या गाण्यावर बेभान नाचणाऱ्या त्या जोडप्याचा शेवट चित्रपटात काय होतो, ते ठाऊक असूनही आपण नाचतो. नागराज मंजुळे यांनी प्रेक्षकाला आधी नाचवले आणि मग शेवटच्या दृश्यात त्याच्या तोंडातला शब्द काढून घेतला. या रचनेत गाणे बाजारू नाही, ते कथेचा अर्धा भाग आहे. पुढे २०१८ साली त्याचाच हिंदी अवतार 'धडक' निघाला. त्यात गाण्याची चाल तीच आली, जात मात्र इतकी पातळ झाली की शोधावी लागते. बाजार काय करतो ते येथे स्पष्ट दिसते. तो गाणे उचलतो आणि संहिता बदलतो. म्हणून गाणे लावण्यास माझी हरकत नाही. ते लावल्यावर त्याच्या उरलेल्या अर्ध्या भागाविषयी आपण काही बोलणार आहोत की नाही, हा माझा प्रश्न आहे.

लोकप्रिय करमणुकीचा आपल्या चळवळीला विटाळ कधीच नव्हता. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा त्यांनी कोणता प्रकार निवडला? तमाशा. ज्याच्याकडे सभ्य समाज नाक मुरडत होता, तोच. गण-गवळणीतला देव त्यांनी बाजूला केला, सावकार आणि मालक आणून उभे केले, परंतु ढोलकी तीच ठेवली. गिरणगावातल्या कामगाराला ढोलकी कशी ऐकायची हे कोणी शिकवावे लागले नाही. आज अण्णाभाऊंचा पुतळा मॉस्कोत आहे. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये तेथील परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्याचे अनावरण झाले आणि ते करणारे मान्यवर कोणत्या पक्षाचे होते, हे वाचकांना ठाऊक आहे. पुतळा कोणीही उभारू शकतो. ढोलकी हातात घ्यायला मात्र अंगमेहनत लागते.

छत्तीसगढमध्ये हीच गोष्ट वेगळ्या वाटेने घडली. रायपूरचे हबीब तन्वीर १९४० च्या दशकात मुंबईत गेले आणि तेथे इप्टात काम करू लागले. पुढे त्यांनी 'नया थिएटर' स्थापन केले आणि छत्तीसगढी नाचाच्या कलावंतांना त्यांच्याच बोलीत रंगमंचावर आणले. 'चरणदास चोर' या नाटकाची कथा विजयदान देथा यांनी लिहिलेल्या राजस्थानी लोककथेवरून आली. तिचे पहिले, अपुरे रूप भिलाईतच, उघड्या मैदानात, सतनामी प्रेक्षकांपुढे सादर झाले होते, ही गोष्ट भिलाईच्याही फार थोड्या लोकांना माहीत आहे. खोटे न बोलण्याची शपथ घेतलेला एक चोर, आणि ती शपथ पाळल्याबद्दल त्याला मिळणारे मरण. सत्य हाच देव मानणाऱ्या पंथाच्या लोकांपुढे ही कथा आली, तेव्हा ती परक्या प्रदेशातली उरली नाही. १९८२ साली एडिंबरोच्या महोत्सवात या नाटकाला पारितोषिक मिळाले. ८ जून २००९ रोजी तन्वीर गेले, आणि दोन महिने होतात न होतात तोच राज्य सरकारने हे पुस्तक शाळांतील वाचनातून हटवले. एका सतनामी गुरूंनी त्यावर आक्षेप घेतला होता. ज्यांच्यासमोर हे नाटक वाढले, त्यांच्याच नावाने ते बंद झाले. मी स्वतः त्या आक्षेपाला निव्वळ राजकीय कावा म्हणणार नाही. शतकानुशतके अपमान सोसलेल्या समाजाला आपल्या गुरूविषयीच्या एखाद्या संवादाने दुखावले असेल, तर ते ऐकून घेतले पाहिजे. परंतु ऐकून घेणे आणि बंदी घालणे यांच्यामध्ये संवादाची जी मोठी जागा असते, ती सरकारने वापरलीच नाही.

तन्वीर यांच्याच नटांतून पुढे आलेले ओंकारदास माणिकपुरी हे भिलाईचे. २०१० च्या 'पीपली लाइव्ह'मध्ये आत्महत्येच्या उंबरठ्यावरच्या शेतकऱ्याची, नत्थाची, भूमिका त्यांनी केली. चित्रपट गाजला तेव्हा भिलाईला मोठे कौतुक वाटले. नत्था ज्या कारणाने मरायला निघतो, त्याविषयी त्या कौतुकात कोणी बोलल्याचे मला आठवत नाही. तीजनबाईंचेही तसेच. भिलाईजवळच्या गनियारीच्या, पारधी समाजातल्या या बाईंनी उभे राहून, हातात तंबुरा घेऊन, पुरुषांच्या मानल्या गेलेल्या कापालिक शैलीत पांडवानी गायिली आणि त्यापायी समाजाचा बहिष्कार सोसला. भिलाई पोलाद कारखान्याने त्यांना नोकरी दिली. २०१९ साली पद्मविभूषण मिळाले. त्यांचे चित्र आता सरकारी भिंतींवर रंगवतात. त्या भिंतीपाशी झाडू मारणारी बाई ठेकेदाराकडे असते.

आता 'न्यूटन'. २०१७ चा हा चित्रपट अमित मसुरकर यांचा. दंडकारण्यात ७६ मतदारांच्या मतदान केंद्रावर गेलेल्या एका प्रामाणिक कारकुनाची गोष्ट त्यात आहे. चित्रीकरण झाले ते भिलाईपासून सुमारे ९० किलोमीटरवरच्या दल्ली-राजहरा परिसरात. मला हा चित्रपट अतिशय आवडतो. अंजली पाटील यांनी साकारलेली स्थानिक शिक्षिका माल्को गोंडी आणि हिंदी यांच्यामध्ये उभी राहते, ते पाहताना माझ्या धंद्याचीच कोणीतरी भेटली असे वाटते. पण चित्रपट संपल्यावर मनात एक खंत राहिली. पडद्यावर दल्ली-राजहरा म्हणजे एक निनावी जंगल होते. आणि खऱ्या दल्ली-राजहरात काय घडले होते?

भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरवणाऱ्या या खाणींत हजारो कंत्राटी कामगार हाताने दगड फोडत होते. १९७७ च्या प्रारंभी बोनसचा करार झाला. त्यात कायम कामगारांना मिळालेल्या रकमेच्या मानाने कंत्राटी कामगारांच्या पदरी फारच थोडे पडले. तेव्हा ते प्रस्थापित संघटनांना सोडून बाहेर पडले. त्या संघटनांत लाल बावट्याचीही एक होती, हे आपल्या वृत्तपत्रात स्वच्छपणे लिहिले गेले पाहिजे. शंकर गुहा नियोगी हे पूर्वी भिलाईच्या कारखान्यात कामाला होते आणि तेथून काढले गेले होते. त्यांना पुढे करून या कामगारांनी छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ उभारला. २ आणि ३ जून १९७७ रोजी गोळीबार झाला, ११ जणांचे प्राण गेले. पुढे संघाच्या एक उपाध्यक्ष, कुसुमबाई, बाळंतपणात उपचाराअभावी दगावल्या. तेव्हा कामगारांनी ठरवले की आपला दवाखाना आपणच बांधायचा. ३ जून १९८३ रोजी शहीद रुग्णालय सुरू झाले, ते गोळीबारात गेलेल्यांच्या नावाने, कामगारांच्या श्रमाने आणि वर्गणीतून. दारूबंदीची मोहीम झाली. 'नवा अंजोर' हे कलापथक निघाले. लाल झेंड्याला हिरवा पट्टा आला: कामगार आणि शेतकरी.

नियोगींच्या राजकीय मांडणीशी आपल्या पक्षाचे मतभेद होते आणि ते अनेक ठिकाणी नोंदले गेले आहेत. त्यांची येथे उजळणी करण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. मला सांगायचे आहे ते वेगळेच. ज्या कामगारांना आपली पत्रके समजली नाहीत, त्यांना नियोगींचे बोलणे समजले. ते बंगाली होते, मूळचे जलपायगुडीकडचे. छत्तीसगढी त्यांनी शिकून घेतली. त्यांच्या संघटनेने सोनाखानच्या वीर नारायणसिंहांचे नाव शोधून काढले आणि गाणी-नाटकांतून ते खाणीखाणीत पोहोचवले. दुष्काळात व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार लोकांना खुले करून देणारे हे आदिवासी जमीनदार. १० डिसेंबर १८५७ रोजी इंग्रजांनी त्यांना रायपूरला फाशी दिले. शाळेच्या पुस्तकात तेव्हा हे नाव नव्हते. आज नवा रायपूरच्या आंतरराष्ट्रीय क्रिकेट मैदानाला ते दिलेले आहे. २१ जानेवारी २०२३ रोजी भारत आणि न्यूझीलंड यांच्यात तेथे पहिला एकदिवसीय सामना झाला. दूरचित्रवाणीवर दिवसभर ते नाव झळकत होते आणि धान्याच्या कोठाराविषयी चकार शब्द नव्हता. माझा भाचा त्या दिवशी म्हणाला, "मावशी, हे खेळाडू होते का?" त्याला मी काय रागावणार?

२८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईच्या हुडको वसाहतीत झोपेत असलेल्या नियोगींवर गोळ्या झाडण्यात आल्या. १९९७ साली दुर्गच्या न्यायालयाने उद्योगपतींसह आरोपींना दोषी ठरवले. १९९८ साली उच्च न्यायालयाने सर्वांना सोडले. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष गोळी झाडणाऱ्या एकट्याला दोषी ठरवले. हा सारा घटनाक्रम चित्रपटाचा विषय होण्यासारखा नाही काय? पण झाला नाही. त्या हत्येनंतर नऊ महिन्यांनी, त्याच संघटनेचे कामगार रेल्वेमार्गावर बसले असता, वर सांगितलेला गोळीबार झाला. त्यांच्या मागण्या कोणत्या होत्या? कामावर परत घ्या, जगण्यापुरते वेतन द्या. २०२५ सालच्या चार संहितांच्या प्रकाशात ती यादी पुन्हा वाचावी, अशी माझी तरुण कॉम्रेडांना विनंती आहे. तिच्यातले फारसे काही जुने झालेले नाही.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. रील आणि चित्रफिती यांविषयी तरुण मंडळींचा जो उत्साह आहे, त्याबद्दल मला शंका वाटते. मोर्चात चालण्याआधी मोर्चाचे चित्र काढणारी काही मुले मी पाहते. घोषणा देताना त्यांचे लक्ष कॅमेऱ्याकडे असते. चे गव्हेराचा सदरा घालून ठेकेदाराच्या खोलीत मान खाली घालून उभा राहिलेला तरुणही पाहिला आहे. त्याला मी भित्रा म्हणणार नाही, त्याच्या घरी दोन लहान बहिणी आहेत. परंतु तीस सेकंदांत जेवढा राग मावतो, तेवढ्यावर संघटना चालत नाही. सफदर हाश्मींवर १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादजवळच्या झंडापूरमध्ये नाटक चालू असताना हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते वारले, आणि ४ जानेवारीला मलयश्री आणि त्यांच्या साथीदारांनी त्याच ठिकाणी जाऊन ते अर्धवट राहिलेले नाटक पुरे केले. त्या प्रयोगाला किती लोकांनी पसंती दर्शवली हे मोजणारे यंत्र तेव्हा नव्हते. लोक समोर उभे होते, तेवढे पुरेसे होते.

ज्येष्ठ कॉम्रेडना मी बैठकीत एवढेच म्हणाले की, बाजारू गाण्याला व्यासपीठ नको हे मान्य, पण मग आपले गाणे कोठे आहे? गेल्या दहा वर्षांत या गावात कंत्राटी कामगारावर एक तरी नवे गाणे आपण बांधले काय? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुम्ही लिहा, बाई. शिकलेल्या आहात." त्यात चिडणे होते की सोपवणे, ते मला अजून कळलेले नाही.

मी लिहिले नाही. पत्रकाचा अनुभव ताजा होता. ज्या वेल्डरने संहितेचा प्रश्न विचारला, त्यांच्याकडे गेले आणि म्हटले, भाऊ, तुमच्या प्रश्नाचेच नाटक करा. त्यांनी आठवड्याभरात वहीच्या सहा पानांवर एक प्रहसन लिहून आणले. पडदा नाही, नेपथ्य नाही. दिग्दर्शक म्हणजे मालक. तो सर्व नटांना संहिता वाटतो. ठेकेदाराला दहा पाने, मुकादमाला चार. कामगाराच्या हाती येतो तो कोरा कागद. कामगार विचारतो, माझा संवाद कोठे? मालक म्हणतो, तू शेवटपर्यंत रंगमंचावर आहेस, याहून काय पाहिजे? पुढे कामगार बोलू लागतो, तेव्हा दिग्दर्शक सांगतो की बोलायचे असेल तर चौदा दिवस आधी कळव. येथे पहिल्या वाचनाला लोक इतके हसले की पुढचे ऐकू आले नाही. माझ्या चार पानांत नोटिशीविषयीचा परिच्छेद नऊ ओळींचा होता.

मी त्यांच्या लिखाणात हात घातला नाही, असे म्हणता येणार नाही. दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारले. एका ठिकाणी 'शोषण' हा शब्द घालून पाहिला आणि त्यांनी तो काढून टाकला. म्हणाले, "हे दिसून राह्यलं ना ताई, मग सांगाचं काहून?" शेवटाविषयी आमचे एकमत झालेले नाही. सर्व कामगारांनी मिळून संहिता फाडावी, असे मला वाटते. त्यांचे म्हणणे असे की, फाडू नये, कोऱ्या कागदावर कामगारांनी लिहायला बसावे आणि नाटक तेथेच थांबावे. काय लिहितात ते दाखवू नये. ज्येष्ठ कॉम्रेडांना दोन्ही शेवट कच्चे वाटतात. घोषणा हवी, असा त्यांचा आग्रह आहे.

भाषेचाही पेच आहे. मालक हिंदीत बोलणार, हे ठरले. ठेकेदाराच्या तोंडी नागपुरी. कामगार छत्तीसगढी बोलावा की मराठी, यावरून दोन तास गेले. अखेर दोन कामगार करण्याचे ठरले, एक इकडचा, एक तिकडचा, आणि त्यांनी एकमेकांच्या भाषेत चुका करीत बोलावे. 'झिंगाट'चा प्रश्न तूर्त पुढे ढकलला आहे. पहिल्या तालमीला सातजण आले होते. त्यांपैकी दोघांना मध्येच उठावे लागले, कारण त्यांची रात्रपाळी होती.